चौघांत एकानेच लेव्हल २ करावा का?

प्रश्न असा आहे. नागपूरचे चार मित्र, तिघे स्कीवर आणि एक स्नोबोर्डवर, गेले काही हिवाळे गुलमर्गला जाताहेत. आखलेल्या उतारांवर आता मन भरत नाही, दोरीपलीकडच्या मोकळ्या बर्फात उतरायचं आहे. दोघांचा हिमस्खलन सुरक्षेचा लेव्हल १ कोर्स झालेला आहे. पैसे आणि रजा जेमतेम, म्हणून एकाने लेव्हल २ करावा आणि बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर जावं, असा बेत आहे. बेत कितपत बरा, लेव्हल २ मध्ये नेमकं काय असतं, एअरबॅग घ्यावी का, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठणाऱ्या गावात बसून तयारी काय करायची?

बेत मला पसंत नाही. तोच पैसा आधी चौघांच्या एक दिवसाच्या रेस्क्यू कोर्सवर आणि उरलेल्या दोघांच्या लेव्हल १ वर घाला. मग एक अख्खा मोसम नोंदी ठेवा. लेव्हल २ त्यानंतर, आणि जमलं तर निदान दोघांनी मिळून. जो जास्त शिकलेला असतो तोच उतारावर पहिला उतरतो. तोच गाडला गेला तर वर उभे असलेले तिघं काय करणार? त्याचं प्रमाणपत्र त्याच्याबरोबर बर्फाखाली गेलेलं असेल.

वेळेचा हिशेब फार कडक आहे. स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी ज्यांना पहिल्या १० मिनिटांत काढलं त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त वाचले. अर्ध्या तासाला हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास येतो. पूर्वी आम्ही पंधरा मिनिटं धरून चालायचो, आता दहाच धरतो. गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, परिसरात स्की-पेट्रोल हे गस्तीचं पथक आहे, मोठी दुर्घटना झाली की पोलीस, लष्कर, स्थानिक गाइड सगळे धावतात. पण धारेपलीकडच्या नाळेत दहा मिनिटांत कुणी पोचेल ही अपेक्षा ठेवू नका. दहा मिनिटांत पोचणारी माणसं म्हणजे तुमच्यासोबतचे तिघं.

त्यामुळे नागपुरातली तयारी मुख्यतः रेस्क्यूची, आणि ती इथे खरंच होते. फक्त तिचे तीन तुकडे करावे लागतात, कारण एकाच जागी तिन्ही गोष्टी जमत नाहीत.

ट्रान्सीव्हरचा, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या आणि शोधणाऱ्या अंगावरच्या यंत्राचा, सराव मोकळ्या मैदानात. विजेच्या उच्च दाबाच्या तारा जवळ नकोत, त्यामुळे कोराडी-खापरखेड्याच्या बाजूची मैदानं सोडा. पुठ्ठ्याच्या चार-पाच खोक्यांपैकी एकात चालू ट्रान्सीव्हर ठेवा, कशात ते शोधणाऱ्याला कळू देऊ नका. सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्‌झवरच बोलतात, तेव्हा कंपन्या वेगळ्या असल्या तरी चालतं. यंत्र सिग्नल पाठवत असताना मोबाइल त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर आणि शोधताना निदान ५० सेंटिमीटर लांब हवा. शोध सुरू करताना एकाने मोठ्याने सूत्रं हातात घ्यायची आणि बाकीच्यांचे यंत्र 'सर्च'वर गेलं का हे एकेकाला नावाने विचारायचं. हे किरकोळ वाटतं, पण एकाचं यंत्र 'सेंड'वर राहिलं तर सगळे त्याच्याच मागे धावतात. पहिला सिग्नल मिळेपर्यंत धावा, मग पडद्यावरच्या बाणामागे भरभर चाला, अंतराचा आकडा तीन मीटरवर आला की यंत्र थेट जमिनीलगत आणा आणि मुंगीच्या चालीने. गडबडीत सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो: लोक कमरेएवढ्या उंचीवर यंत्र फिरवत राहतात आणि आकडा हलेना म्हणून हैराण होतात. कधी एकाऐवजी दोघंही गाडले जातात. म्हणून एका खोक्याचा हात बसला की दोन खोक्यांत यंत्रं ठेवून 'मार्क'चं, म्हणजे सापडलेल्याचा सिग्नल बाजूला ठेवणारं, बटण वापरायला शिका.

प्रोबचा, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब काठीचा, सराव गावाकडे, कुटाराच्या ढिगात. ढिगाखाली कपड्यांनी ठासून भरलेली सॅक, एक लाकडी फळी आणि एक दगड ठेवा. डोळ्यांवर रुमाल बांधून प्रोब खाली सोडा. दगडावर तो टक्कन थांबतो आणि हाताला झिणझिण्या येतात, फळीवर आवाज पोकळ येतो. सॅकवर मात्र थांबतो आणि किंचित दबून परत वर उचलला जातो. बर्फाखालचा माणूस हाताला असाच लागतो. हा फरक एका दुपारीत ओळखू यायला लागतो आणि नंतर विसरत नाही. प्रोब नेमक्या बिंदूपासून चक्राकार, २५-२५ सेंटिमीटरच्या अंतराने मारायचा. लागला की तो तसाच ठेवायचा, उपटायचा नाही. आणि खऱ्या डोंगरावर तो उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात मारायचा असतो, सरळ आकाशाकडून नाही. सपाट जमिनीवर ही सवय लागत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

खोदकामाला कामठीच्या पुढे कन्हानची रेती. उपसा केलेले खड्डे आणि पाण्याची धार सोडून कोरडा पट्टा बघा. भरलेली सॅक हातभर खोल पुरा आणि चौघं मिळून काढा. लोकांना वाटतं फावडं चालवणं यात शिकायचं काय? पण मीटरभर खोल गेलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर तरी बर्फ हलवावं लागतं, आणि दहापैकी बहुतेक मिनिटं तिथेच खर्च होतात. प्रोबच्या अगदी डोक्यावर खणायला उभं राहू नका. खोलीच्या साधारण दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरका आणि तिथून आडवे आत शिरा. एक पुढे, दोघं त्याच्या मागे तिरके. पुढचा तोडतो, मागचे होडी वल्हवल्यासारखं बर्फ मागे ढकलतात, आणि दर मिनिटाला पुढचा बदलतो. दमून मग बदलू, असं म्हणणारा गडी सगळ्यांचा वेग मारतो. रेती हिमस्खलनाच्या ढिगाऱ्यापेक्षा कितीतरी जड, पण मोकळी. ढिगारा हलका, पण थांबल्याबरोबर असा आवळून बसतो की प्लास्टिकचं फावडं चिरतं. पातं ॲल्युमिनियमचंच घ्या. एक तंबी: सरावासाठी जिवंत माणसाला गाडायचं नाही, रेतीत नाही आणि बर्फातही नाही. व्हिडिओसाठी असले प्रकार चालतात म्हणून सांगावं लागतं.

डोकं मोकळं झालं की आधी तोंडातलं बर्फ काढा, मग छाती मोकळी करा. गाडलेला माणूस बहुतेक वेळा श्वास कोंडून जातो, म्हणून प्रथमोपचाराच्या वर्गात छाती दाबण्यासोबत तोंडाने श्वास देणंही शिकून घ्या. नागपुरात असे वर्ग भरतात. चौघांनी करा.

आता लेव्हल २. अमेरिकेतल्या एआयएआरई या संस्थेच्या पद्धतीने तो तीन दिवसांचा असतो आणि त्याआधी लेव्हल १, रेस्क्यू आणि मधला अनुभव मागतात. कॅनडात त्याच्या जागी एएसटी २ हा कोर्स आहे. लेव्हल १ तुम्हाला दुसऱ्याने दिलेला अंदाज वाचायला शिकवतो. लेव्हल २ अंदाज नसताना किंवा अपुरा असताना काय करायचं ते शिकवतो. आपल्याकडे म्हणूनच त्याची किंमत जास्त. आपल्याकडे हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी जुनी 'सासे' ही संस्था २०२० मध्ये त्यात विलीन झाली. इशारा येतो तो 'बारामुल्ला जिल्हा, अमुक मीटरच्या वर, मध्यम धोका' अशा धर्तीचा. रस्ते, वस्त्या आणि लष्करी ठाणी यांच्यासाठी तो कामाचा. गुलमर्गच्या अफरवत डोंगराच्या कुठल्या बाजूला कोणता थर कच्चा आहे हे त्यातून कळत नाही. आल्प्समधला स्कीअर सकाळी चहासोबत वाचतो ते इथे तुम्हाला स्वतः तयार करावं लागतं.

त्यातला मोठा भाग हवामानाचा, आणि तो नागपुरातून रोज करता येतो. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांची झोप उडवणारी जानेवारी-फेब्रुवारीतली गारपीट बऱ्याचदा ज्या पश्चिमी झंझावाताशी जोडलेली असते, तोच पीर पंजालवर बर्फ टाकून आलेला असतो. एक डिसेंबरपासून वही घाला: गुलमर्गला बर्फ किती पडलं, वारा कुठून आणि किती, रात्री आकाश निरभ्र की ढगाळ, तापमान किती. अफरवत गुलमर्गच्या पश्चिमेला आहे, म्हणजे गुलमर्गकडे उतरणाऱ्या बाजू पूर्वेकडच्या. पश्चिमेचा वारा धारेवरून बर्फ उचलून नेमका तिथे आणून टाकतो. नुसत्या पडण्यापेक्षा वाऱ्याने साठणारं बर्फ दहापट वेगाने वाढू शकतं. तेव्हा 'बर्फ थांबून दोन दिवस झाले, ऊन पडलंय' याचा अर्थ वारा चालू असेल तर शून्य.

कोरड्या दिवसांचीही नोंद ठेवा, खरं तर ती जास्त महत्त्वाची. समजा डिसेंबरात ५० सेंटिमीटरचा पातळ थर आहे. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहतं, निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे १० ला जातो. म्हणजे दर १० सेंटिमीटरला २ अंशांचा फरक. हा फरक १ अंशाच्या वर गेला की आतली वाफ खालून वर सरकते आणि कणांचे सांधे सुटून दाणेदार साखरेसारखा भुसभुशीत थर तयार होतो. तोच थर दोन मीटर जाड असता तर तीच थंडी दर १० सेंटिमीटरला अर्धाच अंश पडली असती आणि बर्फ उलट घट्ट होत गेलं असतं. कमी बर्फाचं आणि कडाक्याच्या थंडीचं वर्ष म्हणूनच वाईट. त्या साखरेवर जानेवारीत मोठा झंझावात मीटरभर बर्फ टाकतो, वरचा थर पाटीसारखा जुळतो, आणि कच्चा थर आठवडेच्या आठवडे खाली वाट बघत बसतो. वहीत 'वीस दिवस कोरडे, रात्री उणे १०-१२' अशी ओळ असेल, तर हॉटेलात पोचायच्या आधीच तुम्हाला तुमचा शत्रू ठाऊक असतो. लेव्हल २ चे प्रशिक्षक ज्या विद्यार्थ्याकडे अशी वही असते त्याच्यावर वेगळी मेहनत घेतात. ज्याच्याकडे नसते त्याला तीन दिवस शब्दच नवे वाटत राहतात.

बर्फातला खड्डा हा कोर्सचा सगळ्यात आकर्षक भाग, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गैरवापर होणारा. विस्तारित स्तंभाची चाचणी, म्हणजे ईसीटी, अशी: उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा चारही बाजूंनी सुटा करायचा. एका टोकावर फावडं पालथं ठेवून मनगटातून १० थापा, मग कोपरातून १०, मग खांद्यातून १०. समजा तेराव्या थापेला एक बारीक रेघ ठोकळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सटकन धावली आणि वरची पाटी जागच्या जागी सरकली, तर त्या उताराशी तुमचं काम संपलं. भेग थापेखालच्या कोपऱ्यातच राहिली तर ती पसरत नाही एवढंच कळतं. आणि तीस थापांत काहीच झालं नाही? त्याने परवानगी मिळाली असं होत नाही. पन्नास पावलांवर थर वेगळा असतो, आणि कच्चा थर मीटरभराहून खोल असेल तर थापा त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. तिथे करवतीने थर कापायची पीएसटी चाचणी वापरतात. नियम एकच: खड्डा 'नाही' म्हणू शकतो, 'हो' म्हणायचा अधिकार त्याला नाही. वहीतल्या नोंदींनी बंद केलेला उतार खड्डा बरा निघाला म्हणून उघडणं हाच तो गैरवापर.

भूगोल मात्र खोटं बोलत नाही. पाटीची स्खलनं बहुतांश ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ च्या आगेमागे जास्त. तीस अंश म्हणजे काय ते अंगात मुरवायला घरचा जिना पुरे: पायरी सहा इंच उंच आणि दहा इंच रुंद असेल तर चढ ३१ अंशांचा. कडेच्या भिंतीच्या तिरप्या रेषेवर मोबाइलचं कोनमापक लावून पाहा. सह्याद्रीत फिरणाऱ्याला उतार नेहमी आहे त्यापेक्षा जास्त तीव्र वाटतो, बर्फात पांढऱ्यावर पांढरं दिसल्याने नेमकं उलट होतं. मोबाइलवरच्या नकाशांत उतारांना रंग दिलेले असतात. हिमालयासाठी फुकट मिळणारे बरेच रंग ३० मीटरच्या चौकोनांतल्या उंचीवरून काढलेले असतात, त्यामुळे पंधरा मीटरचा एखादा खडा टप्पा नकाशावर सपाट होऊन जातो. कमी उताराचा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. शिवाय तुम्ही वीस अंशांवर चालत असलात तरी वरच्या तीव्र उताराशी तोच कच्चा थर जोडलेला असेल, तर खालून पाय पडूनही वरचं सुटतं. पायाखाली 'धप्प' असा आवाज येऊन बर्फ बसल्यासारखं वाटलं तर चर्चा नको, आल्या वाटेने मागे.

गुलमर्गची अलीकडची वर्षंच बघा. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतच्या हापतखुडला दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात मरण पावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान. तिन्ही तारखा फेब्रुवारीच्या, म्हणजे मुबलक बर्फाच्या आणि तुमच्या रजेच्या महिन्यातल्या. बर्फातच वाढलेली, तंदुरुस्त, साधनं जवळ असलेली माणसंसुद्धा यातून सुटत नाहीत. जीवघेण्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा स्खलन बळी पडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्याने स्वतःच सोडवलेलं असतं.

म्हणून लेव्हल २ चा माझ्या दृष्टीने मुख्य धडा निर्णयाचा. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने सातशेहून जास्त अपघात तपासून सहा सापळे मांडले: ओळखीचा उतार, चारचौघांत मान मिळवायची हौस, एकदा ठरवलं म्हणून तडीस नेणं, गटातल्या तज्ज्ञावर विसंबणं, ताजं बर्फ दुसऱ्याआधी गाठायची घाई, आणि दुसरे लोक आहेत म्हणून वाटणारा धीर. तुमचा बेत चौथ्या सापळ्यात आयता जातो. एकाला लेव्हल २ चा शिक्का मिळाला की बाकीचे तिघं विचार करणं थांबवतील आणि त्याला 'नाही' म्हणणं जड जाईल. नागपूरकरांसाठी सातवा सापळा मी माझ्याकडून जोडतो: 'एवढ्या लांबून आलोय'. दिल्लीमार्गे विमान, हॉटेलचे चढे दर, रविवारचं परतीचं तिकीट, आणि शनिवारी आकाश निळंशार. पैसे वसूल करायचा तो दिवस.

यावर उपाय आदल्या रात्रीचा आहे. जेवण झाल्यावर चौघांनी कागद घेऊन बसायचं. उद्या शक्य असलेल्या उतारांची नावं लिहायची आणि वही, इशारा, वारा बघून त्यांतले बंद कोणते ते ठरवायचं. उदाहरणार्थ, कालपासून ३० सेंटिमीटर ताजं बर्फ आणि पश्चिमेचा जोराचा वारा: पूर्वेकडचे तीस अंशांवरचे सगळे उतार बंद, झाडीतले पंचवीस अंशांखालचे चालू. सकाळी डोंगरावर काही नवं दिसलं तर यादीतलं नाव खोडता येतं, नवं लिहिता येत नाही. कुणीही एक 'नको' म्हणाला तर कारण न विचारता नको. संध्याकाळी पुन्हा कागद काढून, आज आपण शहाणे होतो की नुसते नशीबवान, हे प्रामाणिकपणे लिहायचं. हे चौघांना जमलं तर लेव्हल २ करून आलेल्याचं शिक्षण फुकट जाणार नाही. जमलं नाही, तर कोर्स कितीही चांगला असो, शनिवारी तुम्ही त्या निळ्या आकाशाखाली उतरालच.

स्नोबोर्डवाल्या मित्रासाठी दोन गोष्टी. स्कीच्या बाइंडिंगसारखी (बूट अडकवायच्या पकडीसारखी) बोर्डची बाइंडिंग आपोआप सुटत नाही, त्यामुळे स्खलनात बोर्ड पाय धरून खाली खेचतो. आणि शोधाच्या वेळी त्याला बोर्डवरून वर चढता येत नाही, म्हणून गटात तो शक्यतो शेवटचा, वरच्या बाजूला असावा. गोळ्यासारखे सगळे एकत्र उतरायचं नाही हे तर आलंच: एक उतरतो, बाकीचे सुरक्षित जागेवरून डोळे लावून बसतात.

एअरबॅगचं, म्हणजे स्खलनात फुगवायच्या पाठीवरच्या पिशवीचं, विचारलं आहे. पैसे असतील तर घ्या, पृष्ठभागावर राहायची शक्यता ती नक्की वाढवते. पण झाडांवर, खडकांवर आपटण्यापासून ती वाचवत नाही, आणि ट्रान्सीव्हर-प्रोब-फावडं चौघांकडे असल्याशिवाय तिचा विचारही नको. विमानात तिच्या गॅसच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची आगाऊ संमती लागते; बॅटरीवर चालणाऱ्या पिशवीला नळकांड्याची ती कटकट नसते.

कोर्स कुठे? गुलमर्गमध्ये बाहेरच्या प्रशिक्षकांचे लेव्हल १ झालेले आहेत. लेव्हल २ मिळाला नाही तर न्यूझीलंड हा एक पर्याय, कारण तिथला हिवाळा आपल्या पावसाळ्यात येतो. गुलमर्गची आयआयएसएम, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, औलीची आयटीबीपीची संस्था इथला 'ॲडव्हान्स' कोर्स हा स्कीइंगचा असतो. त्यात बर्फाची ओळख होते, पण तो हिमस्खलनाच्या लेव्हल २ ची जागा घेत नाही. प्रवेश घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती, आणि किती तास प्रत्यक्ष डोंगरावर.

जाताना बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून बोलणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात बेकायदा आहे, विमानतळावर अडकाल. ते घरीच ठेवा. ट्रान्सीव्हरमध्ये साध्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला, रिचार्जेबल नकोत, आणि एप्रिलमध्ये परत आलात की त्या काढून ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात कपाटात पडलेली बॅटरी गळते आणि हजारोंचं यंत्र खराब करते.